भिंतीआडचा पाइप : फोडावा की राखावा?



या पानावर एरवी आम्ही लागणीच्या तारखा, बेणे, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेतो. या खेपेस विषय घरातला आहे. कारण असे की, प्लॉट पाहून झाला की सभासद चहाला घरात नेतात आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारतात, "साहेब, ही ओल कशाची? तुम्ही पाइपलाइनची कामं बघता, जरा सांगा की." गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न इतक्या घरी निघाला, की एकदा सविस्तर लिहिणेच बरे असे वाटले.

प्रश्न वाढण्याचे कारण उघड आहे. १९७५ ते १९९५ या काळात उसाच्या बिलातून आपल्याकडे पुष्कळ पक्की घरे उभी राहिली. त्या वेळी नळाला जीआय पाइपच घालत, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. पुढे मुलामुलींची लग्ने निघाली, तेव्हा बाथरूमला नवी फरशी लावली, शॉवर आला, गीझर आला. आतला पाइप मात्र तोच राहिला. वरून नवा सदरा आणि आतली बंडी फाटकी, अशी आज कित्येक घरांची स्थिती आहे.

पाइप आतून कसा जातो

जीआय पाइपमध्ये जस्त आधी झिजते आणि पोलादाला वाचवते. जस्त संपले की पोलाद गंजू लागते. एल्बो, टी, निपल यांच्या ठिकाणी पाइपवर आटे पाडलेले असतात. तिथे पाइपची जाडी कमी होते आणि आटे पाडताना जस्तही निघून जाते. म्हणून पाइप सहसा मधे फुटत नाही, सांध्याशी फुटतो. गरम पाण्याची लाइन गार पाण्याच्या आधी जाते. पाइपवर रंगाचा पट्टा असतो : पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. घर बांधताना पैसे वाचवायला पिवळ्या पट्ट्याचा घातला असेल, तर त्याचे आयुष्य त्याच मानाने कमी.

देशावर विहिरी-बोअरचे पाणी जड, त्यामुळे आतून क्षाराचा थर बसतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल धरतात, त्यामुळे पाइप बाहेरूनही खाल्ला जातो.

पाणी कमी का येते, हेही समजून घ्यावे. अर्धा इंची पाइपचे भोक गंजाने निम्मे झाले, तर पाणी निम्मे येईल असे वाटते. पण तसे होत नाही. त्याच टाकीवरून पाणी जवळजवळ सहाव्या हिश्शावर येते. त्यातून आपल्या टाक्या फार उंच नसतात. १० मीटर उंचीला १ किलोचा दाब, या हिशेबाने शॉवरच्या वर ३ मीटरवर टाकी असेल तर दाब अवघा ०.३ किलोचा. मग कोणी छोटी मोटर बसवून दाब वाढवतो. गंजलेल्या पाइपवर दाब वाढवणे म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणे होय.

ओल कोणती, ते आधी ओळखा

भिंत ओली दिसली की लगेच छिन्नी-हातोडा घेऊ नये. ओल तीन प्रकारची असते. पावसाळ्यातच दिसणारी ओल बहुधा बाहेरून येते. आंघोळी झाल्यावर वाढणारी आणि घर चार दिवस बंद ठेवले की सुकणारी ओल सांडपाण्याच्या पाइपाची किंवा फरशीच्या सांध्यांची असते. बाथरूम वापरा वा न वापरा, उन्हाळा असो वा पावसाळा, जी हटत नाही ती ओल नळाच्या पाइपाची, म्हणजे ज्यात पाणी कायम भरलेले असते त्या लाइनची.

खात्री करायची सोपी रीत अशी : रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, सगळे नळ घट्ट बंद करावेत, टाकीत पाण्याच्या पातळीला खडूची खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे. सेकंदाला एक थेंब म्हणजे काही नाही असे वाटते. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तरी दिवसाला ४ लिटरच्या वर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी होते. ते सगळे भिंत पिते.

पालीचे घर

आमच्या गटातील एका सभासदांची लेक पालीस दिली आहे. हे पाली म्हणजे रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्यातले, बल्लाळेश्वराचे. अष्टविनायक केलेल्यांना सरसगडाच्या पायथ्याचे हे गाव आठवेल. उसाचा तिकडे संबंध नाही. भात हेच मुख्य पीक, जवळून अंबा नदी जाते, आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडच्या पाच-सहा वर्षांचा पाऊस त्यांच्याकडे एका पावसाळ्यात पडतो म्हणा ना.

गेल्या पौषात आम्ही चौघे दर्शनाला गेलो, तेव्हा मुक्काम त्या घरी होता. घर १९८४ सालचे, बाथरूमची फरशी २०११ सालची. बाथरूमच्या भिंतीपलीकडे कोठीची खोली आणि तिथे भाताची कणगी. वर्षभर त्या भिंतीला ओल होती. विहीणबाईंनी कणगीच्या तळचे भात काढून दाखवले. ते काळे पडले होते, मूठभर दाण्यांना मोडही आले होते. टाकीची परीक्षा केली, तर रात्रीतून पातळी तीन बोटे उतरली.

पाहून गेलेल्या प्लंबरने दोन मार्ग सांगितले होते. एक, गळते तेवढाच तुकडा काढून प्लास्टिकचा घालायचा. दोन, सगळी फरशी उखडून नव्याने काम करायचे. व्याहीबुवांना पहिला मार्ग पसंत होता. त्यांचे म्हणणे असे, की फरशी चांगली आहे, तशी आता बाजारात मिळणार नाही, आणि महिन्यावर माघी उत्सव आला आहे. माघ शुद्ध चतुर्थीला पालीत यात्रेकरूंची दाटी होते. दोन खोल्या ते यात्रेकरूंना देतात. बाथरूम उखडून बसले तर पाहुण्यांनी जायचे कुठे?

आमचे सभासद मात्र गप्प होते. मुलीच्या घरी बापाने किती बोलावे याची आपल्याकडे रीत आहे. लेकीनेही हळूच सांगितले होते, "आप्पा, तुम्ही काही बोलू नका हं. ते म्हणतील तसं होऊ द्या." तेव्हा व्याहीबुवांनीच आमच्याकडे वळून विचारले, "साहेब, तुमचं काय म्हणणं?"

आम्ही त्यांना उसाचाच दाखला दिला. पहिल्या खोडव्यात चार ठिकाणी नांग्या पडल्या तर भरून घ्याव्यात. पण पाचव्या खोडव्यात शेत अर्धे मोकळे दिसत असताना नांग्या भरत बसणारा माणूस पैसे आणि हंगाम दोन्ही घालवतो. चाळीस वर्षांच्या लाइनचेही तसेच. एक तुकडा काढायला पान्हा लावला, की त्याचा पीळ पुढच्या गंजलेल्या सांध्याला बसतो. आज इथला सांधा नीट केला तर सहा महिन्यांनी दीड फुटावरचा गळतो. एका लाइनचा पाइप एकाच वयाचा असतो, तो जातोही बरोबरच.

नळाला झिणझिण्या

बोलणे चालू असताना नात सहज म्हणाली, "आजी, त्या नळाला हात लावला की मुंग्या येतात." घरच्यांना ते ठाऊक होते. गीझर चालू असला की कधीकधी तसे होते, म्हणून ओल्या हाताने नळ धरायचा नाही, एवढाच बंदोबस्त केला होता.

आम्ही गीझर लागलीच मेन स्विचपासून बंद करायला लावला आणि वायरमन बोलावला. त्याने जे शोधले ते प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पाइप जमिनीत जात असे, त्यामुळे विजेला जमिनीचा रस्ता मिळे. या घरात काही वर्षांपूर्वी टाकीपासूनचा आणि अंगणातला पाइप बदलून प्लास्टिकचा केला. प्लास्टिकमधून वीज जात नाही. त्यामुळे भिंतीतला लोखंडी पाइप जमिनीपासून तुटला. अर्थिंगची तार मात्र त्यालाच बांधलेली राहिली. पुढे गीझरची कॉइल खराब झाली आणि तिच्यातून गळणारी वीज अर्थिंगच्या तारेवाटे पाइपात, पाइपातून नळात येऊ लागली. जी तार जीव वाचवायची, तीच नळापर्यंत वीज आणून पोचवत होती.

म्हणजे नुसता गळका तुकडा बदलला असता तर ओल थांबली असती, भात वाचले असते आणि धोका तसाच राहिला असता. ओल्या जमिनीवर, ओल्या अंगाने उभ्या माणसाला विजेचा थोडा प्रवाहही पुरे होतो. हे ऐकल्यावर फरशीचा विषय आपोआप मागे पडला.

म्हणून आमचे सांगणे असे, की लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा घालायचा असेल, तर प्लंबरच्या आधी वायरमनला बोलवावे. अर्थिंगची भिस्त पाण्याच्या पाइपावर ठेवू नये. घराला अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा करावा, तिथून तार मेन बोर्डापर्यंत आणि पुढे गीझरच्या तीन पिनी सॉकेटपर्यंत न्यावी. शिवाय बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळली की तो क्षणात प्रवाह तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे. आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग नको, असे मात्र नाही. दोन्ही हवीत.

फोडायचे कुठून?

फरशी फोडणे किंवा तुकडा जोडणे, एवढेच दोन मार्ग असतात असे नाही. भिंतीला दोन बाजू असतात. बाथरूमच्या बाजूला महागाची फरशी असते, पलीकडे नुसता गिलावा. पलीकडच्या बाजूने काम झाले तर गिलावा आणि रंग एवढाच खर्च.

पालीच्या घरात भिंत साडेचार इंची विटांची होती. अशा भिंतीत लांब आडवी झिरी मारली तर भिंत कमकुवत होते. म्हणून असे ठरले, की जुना पाइप भिंतीतून उपसायचाच नाही. दोन्ही टोके तोडून, आतले पाणी काढून, बुचे मारून त्याला तिथेच राहू द्यायचे. नवी लाइन कोठीच्या बाजूने भिंतीवरूनच क्लँपवर न्यायची आणि फक्त नळांच्या जागी आरपार भोके पाडून आत घ्यायची. वर लाकडी फळ्यांचे झाकण बसवायचे, चार स्क्रू काढले की सगळी लाइन डोळ्यांसमोर.

अडचण एकच होती, भाताची कणगी हलवावी लागणार होती. विहीणबाई म्हणाल्या, "दाणे काय, पोत्यांत भरून ओटीवर ठेवू. न्हाणीघर राहू दे." व्याहीबुवांनी मान हलवली. आमच्या सभासदांनी तेवढ्यात सदरा काढला आणि पोती धरायला पुढे झाले. लेकही मग काही बोलली नाही.

काम चार दिवस चालले. मिक्सरच्या नळामागचा जुना एल्बो पुढूनच काढावा लागला, त्यात दोन फरश्या गेल्या. माळ्यावर २०११ सालच्या उरलेल्या सात फरश्या कागदात बांधून ठेवल्या होत्या, त्यांतल्या दोन बसल्या. नवी फरशी लावणाऱ्याने निदान एक पेटी जास्तीची ठेवावी, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

ज्यांच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचे घर असेल, त्यांना पुढूनच फोडावे लागेल. तेव्हा सगळी भिंत न उखडता ज्या उभ्या ओळीत नळ आहेत तेवढा पट्टा कटरने सरळ कापावा आणि तिथे वेगळ्या रंगाची फरशी मुद्दाम लावावी. जुळती शोधत बाजारभर फिरण्यापेक्षा ते बरे दिसते, आणि पुढे पाइप कुठे आहे हे कोणालाही कळते.

नवा पाइप कोणता घ्यावा

शेतातला पांढरा-राखाडी पीव्हीसी पाइप घरी उरला आहे म्हणून तो गीझरला जोडू नये. गरम पाण्याने तो मऊ पडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी घ्यावा, त्यावर आयएस १५७७८ हा आकडा छापलेला असतो. गार-गरम दोन्ही लाइन त्याच्याच केल्या तर घोटाळा होत नाही. पीपीआर पाइपही चालतो, पण त्याचे सांधे तापवून जोडावे लागतात. ते यंत्र आणि तो हात असलेला माणूस गावात हवा.

सीपीव्हीसीचे सोल्यूशन वेगळे असते, पीव्हीसीचे त्याला लावू नये. पाइप सरळ कापावा, आतली कड साफ करावी, धूळ पुसावी आणि सोल्यूशन लावून जोड दाबून धरावा. नळ जिथे बसतो तिथे पितळी आटे असलेली फिटिंग घ्यावी. प्लास्टिकच्या आट्यात लोखंडी निपल पिळला की आज ना उद्या तडा जातो. उन्हात येणाऱ्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग द्यावा, ऑइल पेंट नको.

आणखी एक गोष्ट पुष्कळ कारागीर सोडून देतात. प्लास्टिकचा पाइप तापला की लांबतो. सीपीव्हीसीचा ३ मीटर पाइप ३५ अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. सिमेंटमध्ये तो घट्ट चिणून टाकला तर त्याचा ताण सांध्यावर येतो. म्हणून भिंतीत घालायचाच झाला, तर झिरी थोडी रुंद ठेवावी आणि पाइपाला वेष्टण द्यावे. क्लँपही पाइप सरकेल असे सैल असावेत.

पालीच्या बल्लाळेश्वराचे आजचे दगडी देऊळ १७६० सालचे. बांधताना शिसे ओतून दगड सांधले, असे सांगतात. दगडाला शिसे चालते, प्यायच्या पाण्याला चालत नाही. पूर्वी पीव्हीसी पाइप करताना त्यात शिशाचा वापर होई, म्हणून पिण्याच्या पाण्याचा पाइप घेताना त्यावर शिसेविरहित असल्याचा छाप पाहून घ्यावा.

झाकण्यापूर्वी

पुण्यात पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणले होते. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. तिथे हवा निघे, गाळ बसे आणि माणसाला आत उतरून नळ पाहता येई. त्या कारागिरांनी नळ झाकला, पण त्याला तोंडे ठेवली. आपण फरशीमागे पाइप चिणतो आणि वर एक खूणही ठेवत नाही.

तेव्हा भिंत बंद करण्यापूर्वी एवढे करावे :

१. सोल्यूशन वाळायला २४ तास द्यावेत. मग सगळ्या तोंडांना बुचे मारून हातपंपाने दाब भरावा. पालीला ६ किलो भरला आणि दोन तास काट्यावर नजर ठेवली. काटा उतरला तर सांधा शोधावा. कारागीर म्हणेल, "राहू द्या, काही होत नाही." राहू देऊ नये.

२. उघड्या पाइपाचा फोटो काढावा आणि जमिनीपासून व कोपऱ्यापासून मोजमापे लिहून ठेवावीत. फोटो मोबाइलबरोबर जातो, म्हणून एक कागदावर उतरवून घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. पुढे कोणी आरसा टांगायला भोक पाडील, तेव्हा तो कागद कामी येईल.

३. बाथरूमच्या लाइनला बाहेरच्या बाजूस स्वतंत्र कॉक बसवावा. एक नळ बिघडला म्हणून सगळ्या घराचे पाणी तोडावे लागू नये.

४. वायरमनकडून अर्थिंग मीटरवर तपासून घ्यावे. जुन्या पाइपाला बांधलेली एकही तार शिल्लक ठेवू नये.

५. मजुराचा शेवटचा हप्ता दाबाची परीक्षा झाल्यावर द्यावा, गिलावा झाल्यावर नव्हे.

पालीच्या कामात खर्चाचा मोठा भाग मजुरीला गेला, पाइप आणि फिटिंगला त्यामानाने थोडाच लागला. म्हणून पाइपच्या प्रतीत काटकसर करून फार वाचत नाही, आणि पुन्हा भिंत उघडावी लागली तर मजुरी दुप्पट पडते.

माघी चतुर्थीच्या आधी आठ दिवस बाथरूम सुरू झाले. कणगी अजून ओटीवर आहे, भिंत पुरती सुकल्याशिवाय भात परत न्यायचे नाही असे आम्हीच कळवले. विटांची भिंत सुकायला वेळ घेते, घाईने रंग दिला तर पोपडे येतात.

हंगाम संपला की घराची कामे काढायचा आपला रिवाज आहे. यंदा ज्यांचे घर तीस वर्षांच्या वरचे आहे आणि आतला पाइप लोखंडी आहे, त्यांनी फरशीचा रंग ठरवण्याआधी टाकीला खडूची खूण करून पाहावी. आणि नळाला झिणझिण्या येत असतील, तर हंगाम संपायची वाट न पाहता आजच गीझर बंद करून वायरमन बोलवावा.